बांगड्या शोधणारी बाई

“ओळखा!” असं म्हणून हिलालनं डोक्याला टॉवेल गुंडाळला, केरसुणीचा घोडा केला आणि ओट्यावरून धाडकन खाली उडी मारली. “हा हा हा! आज तुला माझ्या हातून कोण सोडवतो तेच बघतो!”

“राजा! रविवारी सकाळी लागायची त्या मालिकेतला!” पारस ओरडला.

“चूक! राक्षस शे तो!”

“राक्षस घोड्यावर बसतो होय?”

“मन्हा घोडा शे! मी कोणले बी बसाडसू!”

कोकिळा हसून हसून खांबाला टेकली. चौऱ्याण्णव सालची उन्हाळ्याची सुट्टी होती. पारोळ्यात ऊन असं तापलं होतं की दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. त्यात वीज गेलेली. मग मदनलाल शेटजींच्या गार ओट्यावर बसून मालिका ओळखायचा खेळ खेळण्यापलीकडे करणार काय? पारस शेटजींचा नातू. कोकिळा मागच्या गल्लीत राहायची, तिच्या वडिलांची कापसाची शेती. आणि हिलाल तिचा मावसभाऊ, खास आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, शिरपूरहून आलेला. आजोबांचं नाव त्याला ठेवलं होतं, आणि बारा वर्षांच्या पोराला ते नाव फार मोठं होतं असं सगळ्यांचं मत होतं. हिलालचं नव्हतं.

“आता कोकिळाचा नंबर,” पारस म्हणाला.

कोकिळाचं हसू थांबलं. “माझी कोणालाच ओळखता येत नाही,” ती म्हणाली. “मी शाळेत बाईंना विचारलं. ताईला विचारलं. सगळे म्हणतात, अशी मालिका लागलीच नव्हती, तुला स्वप्न पडलं असेल.”

“सांग तर खरं!”

तिनं डोळे मिटले. “एक विहीर आहे. पायऱ्यांची. भर दुपार, आत्तासारखीच. सगळं गप्प. मग एक बाई येते. पांढरं लुगडं, केस मोकळे. हातात एकही बांगडी नाही. ती विहिरीत वाकून बघते, खूप वेळ बघते. मग हळूच मान वळवून सरळ आपल्याकडे बघते आणि विचारते...” कोकिळाचा आवाज बारीक झाला. “‘मेरी चूड़ियाँ किसने लीं?’”

“माय वं!” हिलालनं टॉवेल डोक्यावरून काढून अंगाभोवती गुंडाळला. “मंग? पुढे काय?”

“पुढचं मला माहीतच नाही. मी घाबरून पळाले. पाच वर्षांची होते. अजूनही दुपारी डोळा लागला की ती येते. विहिरीपाशी एकटीनं जायचं म्हटलं की माझे पाय जड होतात.” तिनं डोळे उघडले. “पारस? काय झालं रे तुला?”

पारसचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठून उभा राहिला होता.

“तुला हे कोणी सांगितलं?” त्यानं विचारलं. “आमच्या घरातली गोष्ट बाहेर कोणी सांगितली?”

“घरातली कसली? मी टीव्हीवर पाहिलं!”

“खोटं! ती बाई टीव्हीवरची नाही. ती आमच्या बुआच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आहे!”

हिलालनं अंगाभोवतीचा टॉवेल आणखी घट्ट ओढला.

पारसनं मग त्यांना कोपऱ्यात ओढलं आणि घरात ज्या गोष्टीबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नसे ती सांगितली. चंद्रकांताबुआ म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. पाच वर्षांपूर्वी आखाजीच्या, त्यांच्या घरच्या भाषेत आखातीजच्या, मुहूर्तावर तिचं लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठ दिवसांनी सासरी पोचली. सगळं सासर टीव्हीपुढे बसलं. वरात झाली, फेरे झाले, शेवटी बुआ रडत रडत गाडीत बसली. पडद्यावर क्षणभर मुंग्या आल्या, आणि मग ती आली. पांढऱ्या कपड्यातली, मोकळ्या केसांची. नव्या नवरीची बिदाई झाल्या झाल्या तिनं विचारलं, माझ्या बांगड्या कोणी घेतल्या? बायका किंचाळल्या. कोणीतरी टीव्हीची पिनच उपटली. आणि चौथ्या दिवशी बुआच्या नवऱ्याला कावीळ झाली.

“मेले?” हिलालनं घाबरत विचारलं.

“नाही रे! महिन्यात खडखडीत बरे झाले. पण बुआच्या सासूबाई म्हणाल्या, या मुलीच्या मागे काहीतरी आहे, ही घरात राहिली तर माझा मुलगा राहणार नाही. चार दिवस माहेरी जा म्हणाल्या. ते चार दिवस अजून चालू आहेत.”

कोकिळाला चंद्रकांताअक्का माहीत होती. माडीच्या खिडकीशी शिवणाचं मशीन घेऊन बसलेली, कमी बोलणारी. आखाजीला साऱ्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात आणि परत जातात. अक्का मात्र तिथेच असायची. ती सासरी का जात नाही, असं कोकिळानं एकदा आईला विचारलं होतं. उत्तर मिळालं नव्हतं, फक्त डोळे वटारले गेले होते.

“आणि परवा,” पारस म्हणाला, “आखाजीच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याचे लोक येणार आहेत. फारकतीचा कागद घेऊन. बुआचं लग्न मोडायचं आणि फुफाजींचं दुसरं लावायचं. दादाजी हो म्हणालेत. लोकांत एकदा अपशकुनी ठरली की बुआला आयुष्यभर कोणी दारात उभं करणार नाही.”

कोकिळा विचार करत होती. “पारस, तुमचा टीव्ही आठ वर्षांपूर्वी कुठे असायचा?”

“या दाराशी. तोंड ओट्याकडे करून. का?”

“म्हणजे मी तिला इथेच पाहिलं! याच ओट्यावर बसून! अक्काच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी! भूत आधी टीव्हीवर काम करून मग कॅसेटमध्ये जातं का?”

“पण आमच्या घरात कोणालाच कसं आठवत नाही?”

“कारण तुमच्या घरातलं कोणी बघतच नव्हतं!” कोकिळा म्हणाली. “रविवारी दुपारी मोठे लोक आत झोपायचे. तुझी आई, काकू, बुआ बैठकीत यायच्या नाहीत, मोठ्यांसमोर कशा बसतील? तुझे सुभाषकाका टीव्ही लावून द्यायचे आणि तेही घोरायचे. टीव्ही तुमचा, पण बघायचो आम्ही, गल्लीतली पोरं!”

“आणि मी?” पारस चिडला.

“तू शेंगदाणे विकायचास, आठवतं? पाच पैशाला मूठ!”

आधी खात्री करायला हवी होती. तिघंही मागच्या गल्लीत धावले. कोकिळाची आई, मंजुळाबाई, आखाजीसाठी सांजोऱ्या लाटत बसली होती.

“आई, मी लहानपणी टीव्ही बघून घाबरले होते, आठवतं तुला?”

“ध्यानमा नही ते काय!” मंजुळाबाईनं लाटणं थांबवलं नाही. “शेटजीना ओटावरथीन रडत उनी, आनि तीन दिन ताप! तू पयली इयत्तामा जाणार व्हती. म्हनं, बाई बांगड्या मांगस, बाई बांगड्या मांगस. बठ्ठी गल्लीले ठाऊक शे!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बठ्ठ्या, म्हणजे अख्ख्या, गल्लीला ठाऊक होतं आणि पुढच्या गल्लीतल्या शेटजींना पत्ता नव्हता! दोन्ही घरांत भिंत एकच होती.

“म्हणजे टीव्हीवरचं नाटक लग्नाच्या कॅसेटमध्ये शिरलं,” पारस म्हणाला. “पण कसं?”

“ते ज्यानं लग्न शूट केलं त्याला विचारायचं!”

लग्न शूट केलं होतं लीलाधरभाऊंनी. किल्ल्याच्या दरवाज्यासमोर त्यांचा स्टुडिओ होता, आत काश्मीरचा रंगवलेला पडदा आणि एक प्लास्टिकचा हंस. पण लीलाधरभाऊ शेटजींच्या घरातल्या कोणालाही पाहिलं की मागच्या दारानं पसार होत. बेत कोकिळानं केला. पारस बाहेर उसाच्या गाड्यामागे थांबला आणि ती दोघं भांडत भांडत आत शिरली.

“मी सांगते, शक्यच नाही!”

“आनि मी सांगस, शक्य शे! आमना शिरपूरना फोटोवाला एक दिनमा दोन लगीन शूट करस!”

“शिरपूरवाल्याचं कौतुक मला सांगू नकोस,” लीलाधरभाऊ खुर्चीतून म्हणाले. “दोन म्हणजे काय मोठं? मी एका दिवसात तीन केलीत!”

“तीन? जाऊ द्या हो भाऊ!” कोकिळा म्हणाली.

“अगं, एकोणनव्वदची आखातीज! सकाळी पाटलांचं, दुपारी बोहरी टाकीजवळचं, संध्याकाळी मदनलाल शेटजींचं! कॅमेरा खांद्यावरून खाली ठेवला नाही!”

“पण मग कॅसेटी?” कोकिळानं भाबडा चेहरा केला. “आखातीजला तर दुकानं बंद. तीन लग्नांना पुरतील एवढ्या कोऱ्या कॅसेटी तुम्ही कुठून आणल्या?”

“पुरल्या कुठे! दोन लग्नांत संपल्या. शेटजींकडे पोचलो तेव्हा हातात एकही...”

लीलाधरभाऊ थांबले. फार उशिरा थांबले. दारात पारस उभा होता.

“मग आमचं लग्न तुम्ही कशावर शूट केलंत, भाऊ?” त्यानं विचारलं.

लीलाधरभाऊंनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे हिलाल प्लास्टिकचा हंस आडवा धरून उभा होता.

“माझी चूक नाही!” भाऊ घाम पुसत म्हणाले. “तुझ्या सुभाषकाकांना म्हटलं, एखादी कॅसेट असेल तर द्या. त्यांनी कपाटातली काढून दिली. नवीन व्हीसीआर आणला तेव्हा टीव्हीवरून काहीतरी भरून बघितलं होतं म्हणे. म्हणाले, जुनी आहे, काही नाही तिच्यात. मी तिच्यावरच घेतलं. लग्न संपलं तिथे माझं शूटिंग संपलं. खाली जे राहिलं ते राहिलं.”

“आणि पाच वर्षं तुम्ही गप्प बसलात?”

“मला कोणी विचारलंच नाही!” लीलाधरभाऊ ओरडले, पण त्यांचे डोळे खाली गेले. “आधी वाटलं, विसरतील. मग ऐकलं की मुलगी परत आली. तेव्हा बोललो असतो तर पुन्हा कोणी लग्नाला बोलावलं असतं का मला? अजून सांगतो, माझं नाव घेऊ नका. घेतलंत तर मी साफ नाही म्हणेन.”

कोकिळाला त्यांचा फार राग आला. इतकं सोपं उत्तर, आणि ते या हंसाशेजारी पाच वर्षं नुसतं बसून होतं.

पारसनं त्याच संध्याकाळी दादाजींना, म्हणजे शेटजींना, सगळं सांगायचा प्रयत्न केला. तो दुसऱ्या वाक्यापर्यंतही पोचला नाही. “मोठ्यांच्या गोष्टींत पोरांनी पडू नये,” दादाजी म्हणाले आणि पेपर उघडला. सुभाषकाका म्हणाले, “कसली कॅसेट? मला नाही आठवत बुवा!” त्यांना खरंच आठवत नव्हतं.

“मग आपणच बघायची,” कोकिळा म्हणाली. “ती कुठे आहे?”

“बुआकडे. तिच्या पेटीत. दुसरं कोणी हात लावायला तयार नाही.”

आखाजीच्या दुपारी गल्लीतल्या निंबावर झोके चालू होते आणि मुलींची गाणी माडीपर्यंत ऐकू येत होती. चंद्रकांताअक्का मशीनवर वाकून बसली होती. कोकिळानं तिला विहीर सांगितली, पायऱ्या सांगितल्या, मोकळे केस सांगितले. बांगड्यांचं वाक्य आलं तेव्हा मशीनचं चाक थांबलं.

“पुन्हा म्हण,” अक्का म्हणाली.

कोकिळानं पुन्हा म्हटलं.

“हाच आवाज. असाच शेवटी खाली जाणारा.” अक्काची बोटं कापडावर तशीच राहिली होती. “मी तिला पाहिलेलं नाही. नवी सून बैठकीत कशी बसणार? मी आतल्या खोलीत होते. फक्त आवाज आला, मग किंकाळ्या. मग सगळे दारात उभे राहून माझ्याकडे बघायला लागले. आजही घरात कोणी नसलं की मला तो आवाज येतो. कधी कधी वाटतं, खरंच माझ्यात काही असेल.”

“नाही अक्का! ती टीव्हीवरची आहे! मी पाच वर्षांची असताना...”

“तुला खात्री आहे?”

खात्री? तीन दिवस ताप आलेल्या पोरीच्या आठवणीला खात्री म्हणायचं का?

“खात्री नाही,” ती म्हणाली. “पण मला पुढे काय होतं ते बघायचंय. आठ वर्षं बघायचंय.”

अक्का मशीनवरून उठली. मग तिनं पेटी उघडली. कपड्यांच्या तळाशी लाल फडक्यात बांधलेली कॅसेट होती, आणि गाठीत एक वाळून काळं पडलेलं लिंबू. अक्कानं लिंबू खिडकीबाहेर फेकलं.

“उद्या तीन वाजता,” ती म्हणाली. “जेवणं झाली की सगळे आडवे होतात. पाहुणे पाचला येणार. मी दाराबाहेर बसते. पण आत येणार नाही. मला बघवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तीन वाजता बैठकीची दारं-खिडक्या लोटलेली होती. वाळ्याच्या पडद्यांमुळे आत अंधार होता. घरभर घोरण्याचे आवाज. पारसनं टीव्ही लावला, आवाज अगदी बारीक केला आणि व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवली.

पडद्यावर अक्का आली. एकोणीस वर्षांची, मेंदीच्या हातांची, मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगून खुदखुदणारी. कोकिळानं अक्काला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पारसनं बटण दाबलं तशी वरात भराभर पळाली, भटजींचे हात भराभर हलले, गाडीचं दार लागलं. त्यानं कॅसेट पुन्हा सावकाश केली.

पडद्यावर मुंग्या आल्या.

“मी बाहेर जास,” हिलाल म्हणाला.

कोकिळानं त्याचं मनगट पकडलं. “कोणी जायचं नाही. मी पण नाही.”

मुंग्या विरल्या. विहीर दिसली. तीच. पायऱ्या त्याच. आठ वर्षं मिटल्या डोळ्यांमागे पाहिलेली ती जागा काचेमागे चमकत होती. पायऱ्यांवरून ती बाई उतरत आली. पाठमोरी. मोकळे केस. बोडके हात. ती वाकली आणि पाण्यात बघत राहिली.

“कोकिळा,” पारस कुजबुजला, “तिचं लुगडं बघ.”

लुगडं पिवळं होतं! झेंडूसारखं पिवळं, लाल काठाचं!

“पण ती पांढऱ्या कपड्यात होती,” कोकिळा पुटपुटली. “नक्की पांढऱ्या...”

“तेव्हा आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता! हा रंगीत दोन वर्षांपूर्वी आणलाय! आणि धुळ्याचाही तसलाच होता, काळा-पांढरा!”

तेवढ्यात बाईनं मान वळवली. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. डोळे मोठे, ओठ कोरडे.

“मेरी चूड़ियाँ किसने लीं?”

दाराबाहेर अक्काच्या तोंडून अस्फुट आवाज आला. आणि त्याच क्षणी फट्कन सगळं काळं झालं. पंखा थांबत थांबत थांबला. वीज गेली होती.

पारस अंधारात कॅसेट काढायला धडपडला. आणि बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. पाहुणे दीड तास आधीच आले होते!

पुढच्या पाच मिनिटांत घर जागं झालं. कॅसेट काढायचा प्रश्नच नव्हता, वीज नसताना व्हीसीआर तिला सोडत नव्हता. दादाजींनी पोरांना हाताच्या एका इशाऱ्यानं ओट्यावर हाकललं. बैठकीत अक्काच्या सासूबाई प्रेमकुंवर बसल्या, जाडजूड, कपाळावर पदर ओढलेल्या. त्यांच्याबरोबर समाजातले दोन वडीलधारे होते. मुलगा आला नव्हता. असल्या गोष्टी मोठ्यांनीच उरकायच्या असतात म्हणे. अक्का आतल्या दाराच्या उंबऱ्याशी उभी होती.

“आमचं कोणाशी वैर नाही, शेटजी,” प्रेमकुंवर म्हणत होत्या. “मुलगी गुणी आहे. पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एकुलता एक मुलगा आहे माझा. मी आई आहे.”

“समजतो मी,” दादाजी म्हणाले. त्यांची मान खाली होती. कागद पुढे सरकला. दादाजींनी खिशातून पेन काढलं.

ओट्यावर कोकिळाचा जीव टांगणीला लागला होता. “थांबवा ना कोणीतरी!” ती म्हणाली. कोण थांबवणार? पारसला दोनदा गप्प केलेलं होतं. मग डोक्यावर काहीतरी कुरकुरलं. पंखा फिरायला लागला. आत व्हीसीआरचा लाल दिवा लागला.

आत जावं तर शेटजींची बैठक, परगावचे पाहुणे. आणि पडद्यावर पुन्हा तेच डोळे. पुढे खरंच काही नसलं तर? त्या बाईच्या पुढे नुसत्या मुंग्याच असल्या तर? मग अक्का संपलीच. कोकिळाला आठ वर्षांपूर्वीसारखंच पळून जावंसं वाटलं. ती उठली आणि सरळ आत गेली. मोठ्या माणसांच्या मधून, कागदाला वळसा घालून, टीव्हीपाशी. तिनं कॅसेट जराशी मागे घेतली, बटण दाबलं आणि आवाज मोठा केला.

“मेरी चूड़ियाँ किसने लीं?”

प्रेमकुंवर किंचाळून उठल्या. एका पाहुण्याची टोपी पडली. “बंद करा! बंद करा ते!” दादाजी ओरडले, “ए पोरी!” सुभाषकाका पिनेकडे धावले, पण पारस आणि हिलाल भिंतीला पाठ लावून पिनेपुढे उभे राहिले होते.

“नाही!” कोकिळा रडत ओरडली. “मी पण इथेच पळाले होते! तुम्ही पण इथेच बंद केलंत! पुढे काय होतं ते कोणी बघितलंच नाही!”

पडद्यावर बाई दोन पायऱ्या चढली. तिनं तोंड उघडलं. आणि चित्र गेलं, पाटी आली. मोठ्या अक्षरांत, सगळ्यांना वाचता येईल अशी:

रुकावट के लिए खेद है।

सुभाषकाका पिनेपासून मागे सरकले.

“भूतले बी खेद व्हस का?” हिलालनं विचारलं.

पाटी गेली. विहीर परत आली, आणि एका झाडामागून फिसकन हसू ऐकू आलं. पाच-सहा वर्षांची एक मुलगी बाहेर डोकावली. दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, आईच्या, मोठ्या मोठ्या, खाली घरंगळणाऱ्या. बाईनं धावत जाऊन तिला पकडलं, कान पिळायला हात उचलला आणि पोटाशीच घेतलं. दोघी हसत सुटल्या. तिनं त्या पोरीच्या हातातून एकेक बांगडी काढून आपल्या हातात भरली. मग संगीत वाजलं, नावं सरकली, आणि नीटनेटकी साडी नेसलेली एक बाई येऊन म्हणाली, “अभी आपने देखा नाटक, ‘दोपहर की बावड़ी’.”

“दोपहर की बावड़ी,” कोकिळा म्हणाली. नाव होतं त्याला! तिला एकदम इतकं हलकं वाटलं की तिनं टीव्हीलाच धरलं.

सुभाषकाका मटकन खाली बसले. “माझ्या हातानं दिली मी ती कॅसेट,” ते म्हणाले. “कपाटातली. म्हटलं, काही नाही तिच्यात.”

दादाजींनी पेन खिशात ठेवलं. त्यांनी तिन्ही पोरांना जवळ बोलावलं आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. “शाबास रे! आम्ही पाच वर्षं घाबरून बसलो. तुम्ही तीन दिवसांत शोधलंत. पारस, परवा तू बोलायला आलास तेव्हा मी पेपर वाचत बसलो. चुकलं माझं.” टोपी झटकत पाहुणेही म्हणाले, “हुशार पोरं आहेत, शेटजी!” फारकतीचा कागद त्यांनी गुपचूप घडी करून ठेवला.

प्रेमकुंवर डोळे पुसत होत्या. त्या उठून उंबऱ्यापाशी गेल्या आणि अक्काचा हात धरला. “चल बेटी. जीप बाहेरच आहे. सामान बांध. झालं गेलं विसरून जा.”

अक्कानं हात सोडवून घेतला नाही. पण ती हललीही नाही.

“सासूबाई,” तिनं विचारलं, “ही गोष्ट तुम्ही धुळ्यात किती घरी सांगितली होती?”

प्रेमकुंवरांनी पदर सारखा केला. “असतील वीस-पंचवीस,” त्या शेवटी म्हणाल्या.

“मग ही कॅसेट घेऊन जा. त्या पंचवीस घरी लावा. प्रत्येक घरी शेवटपर्यंत. त्यानंतर मला न्यायला या. यायचं की नाही ते मी तेव्हा सांगेन.”

एरवी दादाजींनी असं बोलणं ऐकून घेतलं नसतं. आज ते जमिनीकडे बघत राहिले. कोकिळाला वाटलं, आता प्रेमकुंवर रागावणार, जीप धूळ उडवत निघून जाणार. पण त्या टीव्हीपाशी गेल्या. ज्या कॅसेटला त्यांनी पाच वर्षं हात लावला नव्हता ती त्यांनी पारसकडून दोन्ही हातांनी घेतली.

“ही पोरगी बरोबर येईल का?” त्यांनी कोकिळाकडे बघून विचारलं. “नुसतं माझं बोलणं लोकांना पटायचं नाही. मीच तर ते सांगितलं होतं.”

“येईन!” कोकिळा म्हणाली. “पण मध्येच कोणी बंद करायचं नाही!”

“नाही करणार.”

“पहिलं घर कोणाचं?”

प्रेमकुंवर उत्तर द्यायच्या आधी अक्काकडे बघत होत्या.

“आमचंच,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी टीव्हीची पिन माझ्याच मुलानं काढली होती.”